शिक्षक क्रमांक सात

"हे पान काढा, मॅडम. आत्ता सही करतो."

यज्ञेश्वर सरांनी प्रबंध टेबलावरून सुमेधाकडे सरकवला. पान एकशे बारा उघडंच होतं. गेल्या चार दिवसांत सरांनी ते इतक्यांदा वाचलं होतं की आता प्रबंध कुठूनही धरला तरी तिथेच उघडायचा.

सुमेधाने खाली बघितलंही नाही. "पान निघणार नाही, सर."

घ्या! रजेच्या अर्जावर सही घ्यायला दारात ताटकळणारी बाई, आणि मुख्याध्यापकाला तोंडावर नाही म्हणते! सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

सुमेधा शेवगावच्या या शाळेत गणित शिकवायची. तीन वर्षांपूर्वी संस्थेच्या राहात्याच्या शाखेतून बदलून आली, ती पीएच.डी.चं ओझं सोबत घेऊनच. विषय होता, माध्यमिक शाळांच्या गणित विभागांतलं शैक्षणिक नेतृत्व. जिल्ह्यातल्या चौदा अनुभवी शिक्षकांच्या मुलाखती त्यात होत्या. नाव कुणाचंच नाही; शिक्षक एक, शिक्षक दोन, असे नुसते क्रमांक. सोमवारी प्रबंध विद्यापीठात जमा झाला नाही तर नोंदणी रद्द आणि पाच वर्षांची मेहनत पाण्यात. जमा करायला मुख्याध्यापकांचं ना हरकत पत्र लागत होतं.

ते पत्र सरांच्या खणात टाईप होऊन पडलं होतं. पण सरांचंही घोडं गंगेत न्हायला महिनाच उरला होता. पुढच्या महिन्यात ते संस्थेचे विभागीय निरीक्षक होणार होते. आणि नेमका आत्ताच हा शिक्षक सात उपटला होता.

'नववीत गणितात कच्ची असलेली मुलं मला दहावीत नको होती,' शिक्षक सातने सांगितलं होतं. 'पालकांना बोलावून सांगायचं, नापासचा शिक्का कशाला, दाखला घेऊन जा, सतरा नंबरचा फॉर्म भरा आणि बाहेरून परीक्षेला बसवा. अशी एकोणीस मुलं घालवली. फाटकावर मात्र शंभर टक्के निकालाचा फलक. एक मुलगी दाखला घेताना म्हणाली, अजून एकदा शिकवा की, आवंदा जमंल बगा. दिवाळीनंतर तिचं लग्न लावून दिलं.'

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा सरांच्या हातातला चहा तसाच निवून गेला होता. दहा वर्षं ते इथेच गणिताचे विभागप्रमुख होते. त्यांचीही मुलाखत झाली होती, दोन वर्षांपूर्वी. आपल्याच शाळेतल्यांना आपण काय विचारायचं, म्हणून सुमेधाने गाईडची दुसरी विद्यार्थिनी पाठवली होती. दिशा नावाची, गोड बोलणारी पोर. आणि कुणी कान देऊन ऐकायला बसलं की सरांची जीभ उताराला लागलेल्या बैलगाडीसारखी सुटायची. दीड तास बोलले होते. भरात काय काय बोलून गेलो, देव जाणे! 'अजून एकदा शिकवा' म्हणणारी ती मुलगी तेवढी काही केल्या आठवत नव्हती. एवढ्यांत एक पोर कुठे लक्षात राहणार?

"यात नाव कुठेय, सर?" सुमेधाने विचारलं.

"नाव कशाला हवं? संस्थेतलं शेंबडं पोरही ओळखेल."

"ओळखू दे."

"अहो, त्या माणसाची आयुष्यभराची नोकरी मातीत जाईल!"

"पोरांचं शिक्षण गेलं मातीत, त्याचं काय?" तिचा आवाज चढला नव्हता, पण मागेही सरला नव्हता. "प्रशिक्षणात आपण छातीठोकपणे सांगतो, विभागप्रमुख म्हणजे मागच्या बाकावरच्याला पुढे आणणारा. इथे अख्खा बाकच उचलून फाटकाबाहेर ठेवलाय. हे पान काढलं तर माझ्या प्रबंधात उरलं काय? तक्ते?"

"जरासुद्धा दया येत नाही तुम्हाला?"

"शिक्षक सातची? अजिबात नाही."

काय दगडाच्या काळजाची बाई!

"आणि मी पत्र दिलंच नाही तर?"

"तर मी डॉक्टर होणार नाही. पण सोमवारी हाच प्रबंध घेऊन विद्यापीठात जाईन. पत्र का मिळालं नाही, तेही लिहून देईन."

आता मात्र सरांच्या मस्तकात तिडीक गेली. चार दिवस गिळलेलं सगळं एकदम वर आलं.

"तुमचं काय जातंय हो बोलायला! संस्थेला शंभर टक्के पाहिजेत, पालकांना शंभर टक्के पाहिजेत. एक पोर गणितात उडालं की सभेत उभं करून धुतात माणसाला! आणि लिहायचंच आहे ना, मग नीट तरी लिहा! गणिताच्या बाई तुम्ही, आकडा बरोबर नको? एकोणीस म्हणे! एकतीस, मॅडम, एकतीस! एकतीस जणांना दाखले दिलेत मी, या हाताने!"

टेबलावरचं पाणी ते घटाघटा प्यायले.

सुमेधाने प्रबंध मिटून पिशवीत घातला.

"सर, दिशाच्या मुलाखतीत तुम्ही दाखल्यांचं नावसुद्धा काढलं नव्हतं. तुम्ही शिक्षक अकरा. अर्धं पान आहे तुमचं, वक्तशीरपणावर."

"मग... मग हा सात कोण?"

"मी. राहात्याला विभागप्रमुख होते तेव्हाची. माझीही मुलाखत दिशानेच घेतली. एकोणीस मुलं माझी, सर. तुमची एकतीस मला आत्ता कळली."