रामिरुको

“रामिरुको! चल रे, रस्सा निवतोय!”

बापाची हाक आली आणि घरी परतणारा रामिरो वळणावरच थबकला. गुरं सोडून तो समुद्रावर बोटीच्या नोकरीला निघाला, त्या दिवशी बापाने, लुसियोम्हाताऱ्याने, सगळ्यांना बजावलं होतं, या घरात त्याचं नाव पुन्हा निघता कामा नये. आणि आज नुसतं नाव नव्हे, त्याला ‘उको’चं शेपूट! या डोंगरात ‘उको’ लावतात ते लाडक्यांनाच. तान्ह्या पोराला, वासराला, फार तर मांजराला. आई गेल्यावर रामिरोला अशी हाक मारणारा बापच काय तो उरला होता.

बापाने आपल्याला पाहिलं, माफसुद्धा केलं! तो झपाझप चढ चढू लागला.

तेवढ्यात गोठ्यातून एक पांढरं कुत्रं आळस देत बाहेर आलं. फाटकाशी उभ्या म्हाताऱ्याने रश्श्यात बुडवलेला पाव त्याच्यापुढे धरला. “आलास, रामिरुको?” मग अधू डोळ्यांनी एकदा रस्त्याकडे पाहिलं आणि कुत्र्याला घेऊन तो आत गेला.

रामिरोच्या अंगाचा तिळपापड झाला. तो तसाच मागे फिरला. खाली गुरांच्या कुंडापाशी बहीण, साबिना, बादली भरत होती. त्याला पाहून ती बादलीसकट धावतच आली.

“दादा! अरे, आल्या पावली कुठे निघालास?”

“माझं नाव कुत्र्याला दिलंय त्याने! गावाला हसायला बरं झालं असेल.”

“कोणी हसत नाही. तुझं नाव काढलं की बाबा ताटावरून उठायचे. मीही गप्प राहायला शिकले. मग एक दिवस स्वतःच हे पिल्लू घेऊन आले. तेव्हापासून रोज संध्याकाळी फाटकाशी उभं राहून घसा फाटेस्तोवर हाका मारतात.”

“कुत्र्याला!”

साबिनाने बादली खाली ठेवली. तिचे डोळे भरून आले होते.

“दादा, ते कुत्रं जन्मापासून ठार बहिरं आहे. त्याची सगळी भावंडं धडधाकट होती. बाबांनी मुद्दाम हेच मागून घेतलं.”