चौथा दिवा

"यादी टाकून दिलीत ना? मग दिवे अजून चालू कसे?" प्रोजेक्टच्या परीक्षकांनी विचारलं.

टेबलावरच्या पट्टीवर दहा छोटे दिवे लखलखत होते. मी आणि निलांबरीने वर्षभर खपून बनवलेल्या प्रोग्रामिंगच्या भाषेत ते दहाही एका यादीत होते. यादी टाकून दिली की दिवे आपोआप विझायला हवे होते. पण आमची भाषा यादी टाकून द्यायची, आत काय आहे ते बघायचीच नाही. खोकं फेकलं, आतलं तसंच राहिलं.

परीक्षकांनी पाच मिनिटं दिली. निलांबरीने मला बाजूला सारलं आणि दोन ओळी घातल्या: यादी टाकून देताना आतला एकेक दिवा तपास, आणि ज्याला यादीबाहेर दुसऱ्या कुठल्या नावाने धरून ठेवलेलं नाही, तो विझव.

नऊ दिवे विझले. चौथा चालूच राहिला. परीक्षकांनी मार्कांचा कागद ओढला.

"थांबा सर," म्हणत ती माझा प्रोग्राम वाचू लागली. सकाळी चाचणीसाठी मी चौथ्या दिव्याला वेगळं नाव दिलं होतं आणि ते काढायचं विसरलो होतो. नाव होतं 'निलांबरी'.

माझे कान तापले. परीक्षक वाकून वाचत म्हणाले, "म्हणजे भाषा बरोबर चालतेय. ज्याला कुणीतरी धरून ठेवलंय, तो कचरा नव्हे." आणि त्यांनी पूर्ण मार्क दिले.

ते गेल्यावर मी घाईघाईने ती ओळ खोडायला गेलो. निलांबरीने माझा हात धरला.

"राहू दे चालू," ती म्हणाली.