सख्खे रंग

"रक्तदाबाची सकाळची गोळी निळ्या खोक्यात, झोपेची रात्रीची हिरवट निळ्या. रंग कसे सख्ख्या बहिणींसारखे दिसले पाहिजेत!" असं म्हणत डिझायनरबाईंनी साहेबांनी सुचवलेला भडक लाल पट्टा उडवून लावला होता. आज त्याच खोक्यांना बक्षीस जाहीर झालं.

आईला कधी एकदा सांगते असं त्यांना झालं होतं, पण आई फोनच उचलेना. दुपार झाली तरी तेच. मीटिंग अर्धवट टाकून त्या घरी धावल्या, किल्लीने दार उघडलं, पलंगावरच्या आईला गदागदा हलवलं.

आईने कसेबसे डोळे उघडले. "अगं, सकाळची म्हणून गोळी घेतली आणि आडवीच झाले.



मेली दोन्ही खोकी एकसारखी! कुठल्या शहाण्याने रंगवलीत गं?"