सासूबाईंचं पॅराशूट

साठी उलटल्यावर सासूबाईंच्या डोक्यात विमानातून उडी मारायचं खूळ शिरलं. त्यांनी एका क्लबात रीतसर प्रशिक्षण घेतलं आणि वर हट्ट धरला की माझं पॅराशूट जावयानेच बांधायचं. जावई त्याच क्लबात पॅराशूटं तपासून बांधायचं काम करत असे, आणि दोघांमध्ये लग्नाच्या दिवसापासून विळ्याभोपळ्याचं सख्य होतं.

त्याने लांबलचक टेबलावर कापड पसरलं. उजेडासमोर धरून कुठे भोक, कुठे ओल आहे का ते इंचाइंचाने पाहिलं. दोऱ्यांना गुंता नव्हता, तरी एकेक दोरी बोटांमधून ओढून घेतली. दोऱ्या अडकवायची रबरं चांगली होती, तरी काढून नवी लावली. घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. घरी स्वतःच्या शर्टाचा बोळा करून कपाटात कोंबणारा हा माणूस. शेजारी उभं राहून बघणाऱ्या बायकोचे डोळे भरून आले.

"आईवर तुझा एवढा जीव असेल असं वाटलं नव्हतं रे."

"जीव कसला," तो मान वर न करता म्हणाला. "दुसऱ्या कुणाचं उघडलं नाही तर लोक अपघात म्हणतील. तुझ्या आईचं उघडलं नाही तर तू तरी म्हणशील का?"

बायकोने डोळे पुसले.

सासूबाई दारात हेल्मेटचा पट्टा आवळत उभ्या होत्या.

"म्हणून तर बाकीच्यांना सोडून तुम्हाला सांगितलं, जावईबापू," त्या म्हणाल्या. "त्यांच्यावर कुणी संशय घेतला नसता."