दुसरी किल्ली

“साहेब, माझा बाप वॉर्डात तडफडतोय आणि मॉर्फिनच्या कपाटाची किल्ली तुमच्या खिशात आहे,” ती सभागृहाच्या दारातूनच म्हणाली. कपाटाला दोन कुलपं; एक किल्ली सिस्टरकडे, दुसरी विभागप्रमुखांकडे. आणि प्रमुख सकाळपासून इथे व्यासपीठावर. मरणाऱ्याच्या वेदना थांबवायला सगळ्या देशांत एकसारखे नियम हवेत, यावर त्यांचं भाषण रंगलं होतं. “ताई, परदेशी पाहुणे बसलेत. ठराव होऊ द्या, लगेच येतो.” तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “दातांत उशी धरून पडलाय तो. ठराव होईपर्यंत कळ काढ म्हणून सांगू?” रखवालदाराने दंड धरला, हिसडा देऊन ती व्यासपीठावर चढली. प्रमुखांनी चडफडत किल्ली टेबलावर आपटली. “घ्या. झालं समाधान?” तिने ती मुठीत आवळली. “उद्याही परिषद आहे ना? मग उद्या किल्ली कुणाकडे असेल, ते आत्ताच माईकवर सांगा.”