निरोपाचा शब्द

"वहिनी, चहाला हात लावू नकोस," नणंद कानाशी लागली. "सरकार फुकट पाजतंय म्हणजे पाणी कुठंतरी मुरतंय."

तिने कप बाजूला सरकवला. सकाळी सुनावणीला आल्यापासून सगळेच गोड बोलत होते. आवास खात्याच्या वकिलाने उठून खुर्ची दिली. नगरपालिकेच्या वकिलाने "ताई, एकट्याच लढताय, कमाल आहे" म्हणून पाठ थोपटली. एरवी या दोन कचेऱ्या एकमेकींचं तोंड बघत नाहीत. आज मांडीला मांडी लावून बसल्या होत्या.

वकील लावायला ती एकदा गेली होती. ती कुठे काम करते ते ऐकून त्या वकिलाने तिची पिशवी टेबलावरून खाली ठेवायला सांगितली. पिशवी उचलून ती तशीच घरी आली. तेव्हापासून आपली आपणच वकील.

ती सरकारी दवाखान्याच्या शवागारात बायकांची प्रेतं धुते. त्याच सरकारने तिला नव्या इमारतीत घर दिलं, किल्ली दिली. तिने पडदेसुद्धा लावले. मग शेजाऱ्यांत कुजबुज झाली आणि किल्ली परत मागवली गेली. बदल्यात कचरा डेपोच्या भिंतीला टेकलेली खोली. खिडकी उघडली की घरात माणसं कमी, माश्या जास्त.

"तांत्रिक चूक," खात्याचे साहेब शांतपणे सांगत होते. घरं त्यांच्याच सहीने वाटली जात. "बाई काय काम करतात हे आमच्याकडे कुणालाच ठाऊक नाही. मला तर नाहीच. आणि यादी काय, नगरपालिकेकडून येते."

"खात्याकडून येते," नगरपालिकेचा वकील म्हणाला. दोघे एकमेकांकडे बघून हसले.

सुनावणी घेणाऱ्या बाईंनी चष्मा काढला. "हे बघा, तुमचं काम यांना माहीत होतं एवढं तरी दाखवा. माहीतच नसेल तर भेदभाव कसला? तक्रार मला बंद करावी लागेल."

काय दाखवणार? शेजारी तर तोंडाला कुलूप लावून बसले होते.

तेवढ्यात नगरपालिकेच्या वकिलाचा फोन थरथरला. "आलोच," म्हणत तो उठला.

"या, या," साहेब म्हणाले. सवयीने, त्याच्याकडे न बघताच.

तिची मान वर झाली.

हा 'या' तिने पुष्कळ ऐकला होता. साहेबांच्या दारात खेटे घालताना. निवृत्त मास्तर निघाले, "या." नळ दुरुस्त करणारा निघाला, "या." एकजण शिव्या घालून निघाला, त्यालाही, "बरं, या." ती "येते साहेब" म्हणायची तेव्हा मात्र साहेबांना नेमका खण उघडायचा असायचा. तिला वाटायचं, माज आहे, खुर्चीचा. आज तिला वेगळाच वास आला.

शवागाराच्या दारात कुणी 'येतो' म्हणत नाही, कुणी 'या' म्हणत नाही. तिथपर्यंत ठीक. पण बाहेरही, तिचं काम ज्यांना ठाऊक आहे ते तिच्या 'येते'ला उत्तर देत नाहीत. वाण्यापासून सख्ख्या जावेपर्यंत सगळे. हिला 'ये' म्हटलं की घरातलं कुणीतरी जातं, अशी त्यांची समजूत. ठाऊक नसतं ते बिनघोर म्हणतात.

तिने पिशवी खांद्याला लावली आणि दाराशी जाऊन उभी राहिली.

"अहो, कुठे निघालात? सुनावणी चालू आहे," खात्याचा वकील म्हणाला.

तिचं लक्ष साहेबांवर होतं. "माझं काम तुम्हाला ठाऊक नाही ना, साहेब?"

"नाही म्हटलं ना. शपथेवर सांगतोय."

"बरं. मग मी येते."

साहेबांनी समोरची फाइल उघडली.

"येते म्हटलं, साहेब. मला 'या' म्हणा."

खात्याचा वकील ताडकन उठला. "हा काय पोरखेळ? याचा तक्रारीशी काय संबंध?"

"चोराच्या मनात चांदणं," नणंद पुटपुटली, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या हळू.

बाईंनी हाताने वकिलाला खाली बसवलं. मग दाराशी उभ्या असलेल्या तिला विचारलं, "का म्हणायचं त्यांनी?"

"माझ्यासारखं काम करणाऱ्या बाईला कुणी 'या' म्हणत नाही, मॅडम. मरण घरात येतं म्हणतात. साहेबांना काम ठाऊक नाही, म्हणजे भ्यायचं कारण नाही."

बाईंनी चष्मा पुन्हा लावला आणि साहेबांकडे वळल्या. "म्हणा की. आत्ताच तर त्या वकिलांना म्हणालात."

साहेब हसले. हसू अर्ध्यातच विझलं. ओठ हलले. टेबलावर त्यांचा मोबाइल होता, त्यावर दात पडलेल्या नातीचा फोटो. साहेबांनी तो हळूच पालथा घातला.

कोपऱ्यातल्या टंकलेखकाची बोटं हवेत थांबली होती.

"मॅडम, उत्तर काय लिहू?"

"ऐकू येतंय ते लिहा."

खोलीत फक्त पंखा ऐकू येत होता.