काहीच बदललेलं नाही

सकाळपासून हेल्पलाइनवर आरडाओरडा चालू होता. कंपनीने सॉफ्टवेअर टूल्सचा विभाग वेगळा काढून त्याची उपकंपनी केली, म्हणून ग्राहक धास्तावले होते. "आता आम्ही कुणाच्या नावाने बोंबलायचं?"

"काहीच बदललेलं नाही, सर," मृदुला पढवलेलं वाक्य म्हणत होती. तिचं जुनं ओळखपत्र सकाळीच काढून घेतलं होतं, नवं आलं नव्हतं; त्यामुळे कॅन्टीनचं दारही आज तिला उघडत नव्हतं.

दुपारी इचलकरंजीच्या मगदूमकाकांचा फोन आला. कापडाच्या डिझाइनचं टूल अडलं की ते आधी भांडत, मग अडचण सांगत. ते सुरू होण्याआधीच तिने तेच वाक्य म्हटलं.

"आमचं राहू दे ओ," काका म्हणाले. "तुमचा आवाज असा का येतोय? जेवलासा काय?"

याचं उत्तर तिला कुणी पढवलं नव्हतं.